मोदी गणपतीला ज्यांचं नाव लागलं, ते खुश्रूशेट मोदी इंग्रजांचे एजंटही होते आणि पेशव्यांचे सुभेदारही

पुण्यातल्या देवांची नावं हा स्वतंत्र विषय आहे. पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती, चिमण्या गणपती. यातल्या प्रत्येक नावामागे काहीतरी किस्सा असतो आणि पुणेकर तो विचारण्याआधीच सांगायला लागतात.

नारायण पेठेतला मोदी गणपती त्यातलाच एक. याचं जुनं नाव बोंब्या गणपती. मग मोदी कुठून आलं? तर या भागात एका माणसाची मोठी बाग होती, मोदी बाग. त्या बागेतला गणपती म्हणून मोदी गणपती. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने हा गणपती ओळखला जातो तो माणूस पारशी होता.

खुर्शेदजी जमशेदजी मोदी. पुणेकरांच्या तोंडी खुश्रूशेट.

दोनशे वर्षांपूर्वी या माणसाचं वजन एवढं होतं, की पेशव्याला इंग्रजांशी बोलायचं असो किंवा इंग्रजांना पेशव्याशी, निरोप खुश्रूशेटच्या हातूनच जायचा. आणि हाच माणूस शेवटी पुण्यातून बोजाबिस्तरा बांधून निघण्याच्या बेतात असताना विषाने मेला.

कारण काय? आज क्रिकेट बोर्डाच्या बातम्यांमुळे सगळ्यांना पाठ झालेला शब्द, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट. एका माणसाने दोन खुर्च्यांवर बसायचं, आणि एका खुर्चीचा फायदा दुसऱ्या खुर्चीला आडवा जायचा.

खुश्रूशेट मूळचे खंबायतचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे हे पैसे कमवायचं ठिकाण होतं. मराठी राज्याची राजधानी, सावकारांच्या पेढ्या, सरदारांचे वाडे, देशभरातल्या दरबारांचे वकील इथे मुक्कामाला. गुजरातमधून व्यापारी, सराफ, पारशी असे अनेक लोक इथे आले. खुश्रूशेटही त्याच वाटेने आले आणि संगमावरच्या इंग्रजांच्या रेसिडेन्सीत चिकटले.

आता ही रेसिडेन्सी काय प्रकरण होतं, ते आधी समजून घ्यायला पाहिजे.

१७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील पुण्यात आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याला जागा मिळाली आणि तिथे कंपनीच्या वकिलाचं ठाणं उभं राहिलं. या वकिलाला म्हणायचे रेसिडेंट. सुरुवातीला तो इतर दरबारांच्या वकिलांसारखाच एक होता. नाना फडणवीसांच्या काळात त्याला दरबारात जपून वागावं लागे.

पण १८०२ मध्ये चित्र बदललं. २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरे बाजीराव पुणं सोडून पळाले, महाडमार्गे वसईला पोहोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्यांनी इंग्रजांशी तह केला. कंपनीची ६,००० पायदळाची फौज कायम पेशव्यांच्या मुलखात राहणार, तिच्या खर्चासाठी पेशव्यांनी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि दुसऱ्या कुठल्याही दरबाराशी बोलणी करायची तर इंग्रजांना विचारून. १३ मे १८०३ ला बाजीराव परत गादीवर बसले ते इंग्रजांच्या संगिनींच्या आधारावर.

त्या दिवसापासून संगमावरचा रेसिडेंट हा नुसता वकील राहिला नाही. पेशव्यांच्या घरातला तो न बोलावलेला कारभारी झाला.

त्यावेळी रेसिडेंट होता कर्नल बॅरी क्लोज. जातीचा लष्करी माणूस, फारसी उत्तम येणारा, कंपनीत मान असलेला. पण पुण्याचा दरबार म्हणजे नुसती फारसी येऊन भागणारी जागा नव्हती. कोण कोणाचा सोयरा, कुठल्या सरदाराची कुठली सनद अडकली आहे, कारभाऱ्याच्या होकाराचा अर्थ नकार कधी असतो, हे सगळं कळणारा माणूस लागायचा. क्लोजला असा माणूस मिळाला खुश्रूशेटच्या रूपाने.

क्लोजचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. रेसिडेंटचं म्हणणं दरबारात नेणं आणि दरबाराचं म्हणणं संगमावर आणणं, हे काम खुश्रूशेटकडे आलं. आता यातली मेख बघा. दोन्ही बाजूंना एकमेकांचं म्हणणं कळत होतं, ते एकाच माणसाच्या तोंडून. कुठला शब्द मऊ करून सांगायचा, कुठला निरोप दोन दिवस दाबून ठेवायचा, कोणाची भेट घडवायची आणि कोणाला ताटकळत ठेवायचं, हे सगळं त्या एका माणसाच्या हातात.

अशा माणसाला कंपनी पगार तरी किती देत असेल? खुश्रूशेटच्याच जातकुळीतलं एक उदाहरण घ्या. बडोद्याच्या रेसिडेन्सीत १८०३ मध्ये गंगाधरशास्त्री पटवर्धन अशाच कामावर लागले, ते महिना १०० रुपयांवर. लाखोंच्या मामल्यांची किल्ली हातात आणि महिन्याला १०० रुपये.

गोऱ्या नोकरांच्या बाबतीत कंपनीने हा धडा आधीच घेतला होता. बंगालमध्ये कंपनीच्या लोकांनी नवाबांकडून नजराणे उकळून आणि खासगी व्यापार करून एवढी लूट केली होती, की १७७३ च्या कायद्याने नजराणे घ्यायला बंदी आली. पुढे कॉर्नवॉलिसने कलेक्टरांचा खासगी व्यापार बंद केला, पण सोबत पगारही महिना १,५०० रुपये केला, वर वसुलीवर कमिशन. बंदी आणि पगार एकत्र. एतद्देशीय एजंटांच्या वाट्याला हा दुसरा भाग कधी आलाच नाही.

पेशव्यांच्या दरबारात तर या गोष्टीला कोणी लाचही म्हणत नव्हतं. दरबारखर्च हा हिशेबातला रीतसर शब्द होता. कारभाऱ्याला आतून द्यायच्या रकमेला अंतस्थ म्हणायचे आणि ती धरूनच मामलत ठरायची. सगळ्यांना माहीत असलेलं गुपित.

बाजीरावांनी यात आपली भर घातली. त्यांच्या काळात मामलती लिलावासारख्या जाऊ लागल्या. जो जास्त रक्कम कबूल करेल त्याला तालुका, त्याला सुभा. सरकारला ठरलेली रक्कम भरायची, वर जे सुटेल ते आपलं. म्हणजे मुलखाचा अधिकारी हा अधिकारी कमी आणि धंदेवाला जास्त. रयतेकडून जेवढं पिळून निघेल तेवढा नफा.

आणि बाजीरावांनी अशीच एक मोठी जागा खुश्रूशेटना दिली. कर्नाटकची सरसुभेदारी.

कर्नाटक म्हणजे आजचं राज्य नव्हे. कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मधला, धारवाडच्या बाजूचा पेशव्यांचा मुलूख. पेशव्यांनी तो टिपूशी लढून मिळवला होता. वसुलीच्या दृष्टीने हा मुलूख किफायतशीर होता आणि त्याची सरसुभेदारी ही मोठ्यात मोठ्या मुत्सद्द्याच्याही तोंडाला पाणी सुटावं अशी जागा.

बाजीरावांनी ती एका पारशी एजंटाला का दिली असेल? तो कारभारात हुशार होता हे खरं. पण बाजीराव भोळे नव्हते. भित्रे, संशयी, पण भोळे नाहीत. इंग्रजांनी त्यांना तहात असं आवळून बांधलं होतं, की त्यांना संगमावर एक आपला कान हवा होता. तो विकत घ्यायला रोख पैसे दिले असते तर चोरी झाली असती. सुभा दिला तर तो मान झाला. राजरोस, सनद देऊन, चारचौघांत.

झालं. सकाळी इंग्रजांचा एजंट आणि दुपारी पेशव्यांचा सरसुभेदार.

म्हणजे उद्या इंग्रजांना पेशव्यांकडे कर्नाटकातल्या एखाद्या जहागीरदाराची तक्रार न्यायची असेल तर ती कोण नेणार? कर्नाटकचा सरसुभेदारच. पेशव्यांना सरसुभेदाराच्या वसुलीबद्दल विचारायचं असेल, तर ते कोणाच्या जिवावर विचारणार? तो तर रेसिडेंटचा उजवा हात. दोन्ही धन्यांना तो लागत होता, म्हणून दोन्ही धनी त्याला काही विचारू शकत नव्हते.

यात लपवाछपवी काहीच नव्हती, हे लक्षात घेतलं पाहिजे. क्लोजला हे चालत होतं. एजंटाचं दरबारात वजन वाढलं तर आपलंच काम सोपं होईल, असा हिशेब त्यात दिसतो. आणि त्या काळाच्या रिवाजात ते फारसं वावगंही नव्हतं. दुसऱ्या दरबाराच्या माणसाला गाव इनाम देणं, पालखीचा मान देणं हे सर्रास चालायचं. खुद्द कंपनीनेही गंगाधरशास्त्र्यांना गाव आणि पालखी दिलीच की.

दरबारात मात्र हे सगळ्यांच्या डोळ्यांत सलत होतं. सगळ्यात जास्त सदाशिव माणकेश्वरांच्या. ते पेशव्यांचे मुख्य कारभारी. इंग्रजांशी बोलणं हे खरं तर त्यांचं काम. पण प्रत्येक वेळी मध्ये खुश्रूशेट. नावाचा कारभारी एक आणि कामाचा दुसराच.

१८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून पुण्यात आला.

हा काही पुण्याला नवखा नव्हता. क्लोजच्या हाताखाली त्याने इथे उमेदवारी केली होती. नंतर नागपूरला रेसिडेंट म्हणून राहिला, कंपनीची वकिलात घेऊन अफगाणिस्तानच्या शहाकडे जाऊन आला. तिशी नुकतीच ओलांडलेली. त्याला मध्ये माणूस नको होता. पेशव्यांशी आणि त्यांच्या कारभाऱ्यांशी त्याने थेट बोलायला सुरुवात केली.

एवढ्या एका गोष्टीने खुश्रूशेटच्या पायाखालची वाळू सरकली. सगळं वजन मध्ये उभं असण्यात होतं आणि आता मध्ये उभं राहायला जागाच उरली नाही.

दुसरा घाव लगेच आला. एल्फिन्स्टनने त्यांना सांगितलं की दोन्ही नोकऱ्या एकत्र चालणार नाहीत. रेसिडेन्सी किंवा सरसुभेदारी, एक काय ते निवडा.

खुश्रूशेटनी रेसिडेन्सी निवडली. कर्नाटक सोडलं.

पैशाच्या हिशेबात हा घाट्याचा सौदा होता. पण बाजीरावांच्या दरबारात आज मिळालेली सनद उद्या दुसऱ्याच्या नावाने निघायची, हे त्यांनी पुरेपूर पाहिलं होतं. इंग्रजांची छत्री डोक्यावर असेल तर निदान जीव आणि इस्टेट तरी वाचेल, असा विचार त्यांनी केला असेल तर तो चूक म्हणता येत नाही. फक्त ती छत्री आता पूर्वीएवढी मोठी राहिली नव्हती.

सोडलेली सरसुभेदारी गेली त्रिंबकजी डेंगळ्यांकडे. आणि इथून गोष्ट वेगळ्या वळणाला लागते.

त्रिंबकजी नगर जिल्ह्यातल्या निमगाव जाळीचे. जासूद म्हणून सुरुवात केलेला माणूस. होळकरांच्या स्वारीत बाजीराव महाडला होते, तेव्हा पुण्याचा निरोप घेऊन विलक्षण वेगाने जाऊन आले आणि बाजीरावांच्या नजरेत भरले. धन्यासाठी काहीही करायची तयारी आणि इंग्रजांबद्दल मनातून राग. बाजीरावांना असाच माणूस हवा होता. बघता बघता माणकेश्वर मागे पडले आणि त्रिंबकजी पुढे आले.

त्यांना खुश्रूशेट डोळ्यांसमोर नको होते. कारण उघड आहे. दरबारातल्या चाली, माणसं, पैशाच्या वाटा, सगळं माहीत असलेला माणूस आता फक्त इंग्रजांचा उरला होता. जोवर तो दोघांचा होता तोवर पेशव्यांना सोयीचा होता. एकाचाच झाल्यावर तो हेर ठरला.

मग जुने हिशेब बाहेर निघाले. कर्नाटकात असताना पैसे खाल्ले, जुलूम केला, अशा तक्रारी आल्या. त्या सगळ्या खोट्या होत्या असं मानायचं कारण नाही. त्या काळी सुभा चालवायचा म्हणजे हेच करायचं. पण त्यांच्या जागी बसलेले त्रिंबकजी काही वेगळ्या पद्धतीने वसुली करत नव्हते. खुश्रूशेटनी केलं ते सगळेच करत होते, फक्त त्यांना पाठीशी घालणारं आता कोणी नव्हतं. एल्फिन्स्टनसाठी ते क्लोजच्या काळातलं एक जुनं लचांड होतं, आणि दरबारासाठी फितूर.

याच सुमाराला पुण्यात दुसरं एक मोठं प्रकरण दाखल झालं. बडोद्याचे गंगाधरशास्त्री.

मघाशी १०० रुपये पगाराचा उल्लेख झाला तेच हे शास्त्री. आधी पुण्यात फडक्यांकडे नोकरी, मग बडोद्याला इंग्रजांच्या रेसिडेन्सीत, आणि तिथून उडी मारून थेट गायकवाडांचे मुतालिक. वर्षाला ६०,००० रुपये. म्हणजे खुश्रूशेटचीच गोष्ट, फक्त गादी वेगळी. १८१४ मध्ये गायकवाडांचे वकील म्हणून, इंग्रजांच्या हमीवर, ते पुण्यात आले. पेशवे आणि गायकवाड यांच्यात जुन्या येण्याचा वाद होता, आणि अहमदाबादचा इजाराही. साडेचार लाखांच्या बोलीने दहा वर्षांसाठी गायकवाडांकडे असलेल्या या इजाऱ्याची मुदत संपत आली होती. बाजीरावांना तो परत द्यायचा नव्हता. पुढे तो सुभाही त्रिंबकजींकडेच गेला.

बाजीरावांनी शास्त्र्यांवर तीच युक्ती वापरली जी खुश्रूशेटवर वापरली होती. आमचे कारभारी व्हा, म्हणाले. आपल्या मेहुणीचं लग्न शास्त्र्यांच्या मुलाशी ठरवलं, नाशिकला तयारीसुद्धा सुरू झाली. गायकवाडांच्या वतीने पेशव्यांशी भांडायला आलेला वकील पेशव्यांचाच सोयरा होणार होता. शास्त्रीही काही काळ भुलले. बडोद्याहून हवी तशी मंजुरी येईना, तेव्हा भानावर आले आणि लग्न टाळलं. या नकाराने पेशव्यांचा अपमान झाला.

या सगळ्यात खुश्रूशेटचं पुण्यात असणं दरबाराला आणखीनच अडचणीचं झालं. शेवटी असं ठरलं, की त्यांनी पुणं सोडायचं आणि गुजरातेत जाऊन राहायचं. ज्या प्रांतातून नशीब काढायला आले तिथेच परत.

तयारी झाली. जाण्याचा दिवस जवळ आला. आणि १८१५ मध्ये, निघायच्या आदल्या दिवशी, खुश्रूशेट मोदी विष पोटात गेल्याने मेले.

स्वतःच घेतलं की कोणी दिलं? त्यावेळच्या लोकांनी दोन्ही सांगितलं आणि इतिहासकारांनीही दोन्ही लिहून ठेवलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ याने पुण्यातल्या त्यावेळच्या माणसांना जवळून पाहिलं होतं. त्यालाही याचा निकाल लावता आला नाही. संशय त्रिंबकजींवर होता. अपमान सहन न होऊन त्यांनीच जीव दिला असंही म्हटलं जातं. एवढं मात्र खरं, की पुण्यातून ते जिवंत बाहेर पडले असते तर सोबत बरीच गुपितं गेली असती.

या मृत्यूचा फार गाजावाजा झाला नाही. काही महिन्यांनी जे घडलं त्याने मात्र हिंदुस्थान हादरला. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात विठोबाच्या देवळातून परतताना गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला. एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळला होता. परत येऊन त्याने त्रिंबकजींना ताब्यात द्यायची मागणी लावून धरली आणि बाजीरावांना ती मान्य करावी लागली. ठाण्याच्या किल्ल्यातून त्रिंबकजींचं पलायन, १८१७ चा पुण्याचा तह, ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई हे सगळं त्यापुढचं. लढाईच्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली, एल्फिन्स्टनच्या पुस्तकांसकट. त्रिंबकजी १८१८ मध्ये पुन्हा पकडले गेले आणि १८२९ मध्ये चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारले.

पण खुश्रूशेटची गोष्ट नीट समजायची असेल तर त्यांच्या शेजारी एक गोरा माणूस उभा करायला हवा.

क्लोज गेल्यावर आणि एल्फिन्स्टन येण्याआधी पुण्यात काही काळ हंगामी रेसिडेंट होता हेन्री रसेल. इथून तो हैदराबादला रेसिडेंट म्हणून गेला आणि १८२० पर्यंत तिथे राहिला. त्याच्या काळात हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी निघाली. हा विल्यम पामर म्हणजे क्लोजच्या आधी पुण्यात रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा मुलगा. पेढीचा धंदा होता निजामाच्या सरकारला चढ्या व्याजाने कर्ज देण्याचा. संस्थानिकांना असं कर्ज द्यायला गोऱ्यांना कायद्याने बंदी होती, पण गव्हर्नर जनरलने या पेढीला सूट दिली. पेढीतल्या एका भागीदाराचं लग्न गव्हर्नर जनरलने मुलीसारख्या सांभाळलेल्या मुलीशी झालेलं होतं.

रसेलनंतर आलेल्या मेटकाफने हे उकरून काढलं. ६० लाखांच्या एका कर्जात ८ लाख नुसते भागीदारांचा बोनस म्हणून धरले होते. रसेलचाही या पेढीच्या धंद्यात हात होता, असा मेटकाफचा निष्कर्ष होता. म्हणजे कंपनीचा वकील ज्या दरबारात बसला होता, त्याच दरबाराला व्याजाने पैसे देणाऱ्या धंद्यात तो होता. पेढी १८२४ मध्ये बुडाली. त्याआधी निजामाची खजिन्याची तिजोरी रिकामी झाली होती.

रसेलने तोवर राजीनामा देऊन विलायत गाठली होती. बर्कशरमध्ये स्वॅलोफिल्ड नावाची मोठी इस्टेट त्याची झाली, वडिलांची सरदारकी पुढे त्याला मिळाली, आणि तो १८५२ पर्यंत जगला.